पाठीवरचा ळ

औषधांच्या दुकानाची पाटी जवळजवळ पुरी झाली होती, शेवटच्या अक्षराची सावली तेवढी द्यायची राहिली होती, तेव्हा पेंटर शिडीवरून उतरला. दुकानामागच्या नळाखाली त्यानं हात धुतले आणि इकडेतिकडे बघून शर्ट काढला. उकडत होतं हे एक कारण. दुसरं असं, की उजव्या खांद्यामागून बगलेखालपर्यंत जी आग गेले काही दिवस होत होती, तिला आता शर्टाचं कापडही सोसवेना. ओलं फडकं पाठीवर टाकून तो डोळे मिटून उभा राहिला. एवढ्यात दुकानदार चहाचा कप घेऊन मागच्या दारानं आला आणि तिथंच थबकला. "पेंटर, हे काय पाठीला?" "थिनर," पेंटर म्हणाला, "धंद्याचा प्रसाद." दुकानदारानं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, जवळ येऊन बघितलं आणि गिऱ्हाइकाला गोळी जेवणाआधी की नंतर ते सांगावं तशा आवाजात म्हणाला, "थिनर असा एकाच अंगाला, पट्टा धरून येत नाही हो. ही नागीण आहे. चांगले भरलेत फोड. काही तर फुटलेतसुद्धा." मग कप पुढे करत त्यानं विचारलं, "घरात लहान मूल नाही ना? मोठ्यांची ही नागीण, तिच्यापासून लहानांना कांजिण्या होतात. तशी काळजी नाही, होतात आणि जातात. पण जपलेलं बरं."

होतात आणि जातात. पेंटरनं चहा प्यायला, कप विसळून ठेवला, शर्ट अंगात घातला आणि शिडी दुमडली. अक्षराची सावली राहिली हे त्याच्या लक्षातही आलं नाही. ब्रश पुसायचं थिनरचं फडकं उजव्या खांद्यावर टाकायची त्याची सवय वीस वर्षांची होती. सगळेच पेंटर टाकतात. डाव्या हातात डबा, उजव्यात ब्रश, मग फडकं ठेवणार कुठे? ते दिवसभर तिथं ओलं राहतं, खालची कातडी लाल होते, कधी फोड येतो, खोबरेल लावलं की चार दिवसांत जातो. म्हणून बरोबर त्याच जागी आग सुरू झाली तेव्हा त्यानं फडकं डाव्या खांद्यावर घेतलं आणि झालं, एवढा साधा हिशेब केला होता. बायकोला दाखवलंसुद्धा नव्हतं. तिच्या डोक्याला ताप काय कमी होते. आणि दाखवलं असतं तरी तिनं काय म्हटलं असतं? थिनर असेल, असंच. या घरात प्रत्येक डागाला एकच कारण होतं.

रस्त्यानं जाताना त्याला कालची संध्याकाळ आठवायची नव्हती. पण आठवण काय विचारून येते? ठमी त्याच्या मागं पलंगावर गुडघ्यांवर बसली होती. उकाड्यानं त्यानं शर्ट काढला होता, दिवा लावला नव्हता. सहा वर्षांची त्याची पोर. बाळ असताना अशी गुबगुबीत होती की बघणारा ठमाबाईच म्हणायचा. आता तिच्यात ठमीपणाचं काही उरलं नव्हतं, डोक्यावर केस नव्हते, मनगटं ब्रशाच्या दांड्याएवढी झाली होती, पण नाव कोण बदलणार. रक्ताचा कॅन्सर आहे म्हटल्यापासून तिची शाळा बंद होती. औषधांनी बोटांतली ताकद गेली होती, पेन्सिल धरली की सुटून पडायची आणि मग ती पेन्सिलवर, वहीवर, आईवर चिडायची. तेव्हा पेंटरलाच सुचलं. पेन्सिल कशाला पाहिजे, बोटानं लिही. कागद कशाला पाहिजे, ही घे पाटी, असं म्हणून त्यानं पाठ फिरवली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो कामावरून आला, हातपाय धुतले, की ती बोटानं पाठीवर अक्षर काढायची आणि त्यानं ते ओळखायचं. अख्खी बाराखडी ती त्याच्या पाठीवर शिकली होती. तिचं लाडकं अक्षर ळ. एकदा तिनं विचारलं होतं, ळ वरून काय? पेंटरनं पुष्कळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, ळ वरून काहीच नाही. ळ ला स्वतःचं घर नाही. फळात असतो, बाळात असतो, शाळेत असतो, दुसऱ्याच्या घरात कुठंतरी मागं बसलेला असतो. तेव्हापासून ठमीला त्याची दया यायची, आणि दिवसाला एकदा तरी ती त्याला बाबाच्या पाठीवर जागा द्यायची.

काल तिनं ळ च काढला होता. बोट फोडांवरून गेलं आणि पेंटर ओरडून उडालाच. ठमी खदखदून हसली. कितीतरी दिवसांनी अशी हसली, की स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बघायला आली. मग पेंटरला चेवच चढला. पुढच्या प्रत्येक अक्षराला तो उडी मारायला लागला, दुखत नसेल तिथंही. तिनं म्हणावं "अजून," आणि यानं म्हणावं "काढ." पाठीवरून काहीतरी ओलं ओघळलं ते त्याला घाम वाटलं. खेळ संपल्यावर दमून ती उशीवर टेकली आणि तेच बोट तोंडात घालून, नेहमीसारखी, झोपली.

रस्त्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं बायकोला फोन लावला. काय बोलायचं ते त्यानं दोनदा मनात घोळवलं होतं, पण तिचा आवाज आला आणि सगळं विस्कटलं. "मी घरी येत नाही," तो म्हणाला. "म्हणजे?" "म्हणजे आज येत नाही. ठमीचे हात धू. साबणानं. चादर बदल, माझे कपडे वेगळे काढ, आणि तिला घेऊन आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा." "अहो, झालंय काय? नीट बोला की." त्यानं नागीण म्हटलं. पलीकडं भांड्यात पडणारं नळाचं पाणी बंद झालं. "तुम्ही तर थिनर म्हणत होता," ती म्हणाली. त्यानं तिला काहीच सांगितलं नव्हतं. म्हणजे तिनं बघितलं होतं आणि स्वतःच थिनर ठरवून टाकलं होतं. हे दोघांनाही एकदमच कळलं असावं, कारण मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "निघते मी. तुम्ही लांब राहा."

लांब राहा. तो हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर उभा राहिला. या इमारतीच्या प्रत्येक दारावर काय लिहिलंय ते त्याला पाठ होतं, आणि अक्षरं किती वाईट काढलीत तेही. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की औषधं तिच्या रक्तातला आजार मारतील, पण त्याबरोबर अंगातले पहारेकरीही मारतील. तेव्हा ताप आला तर लगेच यायचं, आणि कांजिण्यांना घरात पाय ठेवू द्यायचा नाही. दुसऱ्या मुलांना त्या अंगावर येतात. हिच्या छातीत उतरतील. बाईंनी 'उतरतील' म्हटलं तेव्हा टेबलावरचा पेपरवेट सरळ केला होता, ते पेंटरला अजून दिसत होतं. त्यानं मग जिवाचं रान केलं. शिंकणारा शेजारी असो की बायकोचा सख्खा भाऊ, दारातूनच परत. दारावर त्यानं पाटी रंगवली होती, आजारी असाल तर कृपया आत येऊ नका, निळ्या अक्षरांना करडी सावली, इतकी देखणी की लोक ती वाचायला थांबायचे आणि मग बेल वाजवायचे. ताकसुद्धा फुंकून प्यायचं घर ते. आणि चोर कुठून आला, तर पाटीच्या बाजूनं, किल्ली लावून, रोज संध्याकाळी हातपाय धुऊन.

ठमीला इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर पायऱ्यांवर आल्या. त्यानं शर्ट वर करून पाठ दाखवली. येणारे-जाणारे बघत होते, पण त्याला लाज वाटायच्या पलीकडचा थकवा आला होता. "लहानपणी तुम्हाला कांजिण्या झाल्या होत्या?" बाईंनी विचारलं. झाल्या होत्या. "त्याच या. त्या जात नाहीत. मणक्यापाशी नसांच्या मुळाशी झोपून राहतात, वर्षानुवर्षं. माणूस खचला की जाग्या होतात. झोप किती होते तुमची?" गेल्या कित्येक महिन्यांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि आता विचारला तो कशासाठी, तर गुन्ह्याचा तपास करताना विचारतात तसा. निदान त्याला तरी तसं वाटलं. "आम्ही तिला तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन दिलंय," बाई म्हणाल्या. "कांजिण्या टळतील, नाहीतर आल्या तरी जोर कमी असेल. असं धरून चाला. तीन आठवडे, कदाचित चार, वाट बघायची. तुमच्या खपल्या पडेपर्यंत तिच्याजवळ जाऊ नका. आणि एक, तिच्या आईला कधी कांजिण्या झाल्याच नाहीत असं म्हणतात त्या. रक्त तपासायला घेतलंय." त्या आत वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "थिनरच वाटलं असणार. दुसऱ्या कुणालाही तेच वाटलं असतं," त्या म्हणाल्या. पेंटरनं मान हलवली. दुसऱ्या कुणाला नाही, हे त्याला माहीत होतं.

कारण आधीही एकदा असंच झालं होतं. ठमी तेव्हा केसांची होती, धावायची. एका रविवारी तिच्या नडगीवर निळा डाग दिसला. दुसरा मांडीवर. पेंटर तेव्हा घरीच एक निळी पाटी रंगवत होता आणि ठमी डब्यांच्या मधून फिरत होती, तेव्हा संशयाला जागाच नव्हती. "आलीस का रंगात लोळून," म्हणत त्यानं तिला मांडीवर घेतलं, फडक्याला थिनर लावला आणि डाग पुसायला लागला. डाग जाईना. त्यानं अजून थिनर घेतला, अजून घासलं. तेलरंग वाळला की हट्टी होतो. पाय लाल झाला, ती रडायला लागली, आणि लालीच्या मधून निळा होता तसाच राहिला. बायकोनं फडकं त्याच्या हातातून ओढून घेतलं होतं. ती तेव्हा जे बोलली ते भांडण म्हणून नव्हे, नुसतंच बोलली होती. "तुमच्या डोळ्यांना ना, सगळीकडे रंगच दिसतो." पुढं हॉस्पिटल, सुया, रिपोर्ट, सगळं झालं, आणि ते वाक्य दोघांनीही पुन्हा कधी काढलं नाही. पण घरात ते होतं.

तो दुकानात राहायला गेला. दुकान म्हणजे रस्त्याच्या टोकाचा एक गाळा, त्याचा आणि त्याच्या भागीदाराचा. भागीदाराला सगळे सरळ्या म्हणत, कारण त्याला अक्षर काढता येत नसे, पण पट्टीशिवाय रेघ अशी ओढायचा की गवंड्यानं ओळंबा खाली ठेवावा. माणूसही तसाच, मनात एक आणि ओठांवर दुसरं असं काही नाही. "नागीण होय," तो म्हणाला, "मग डब्यांजवळ झोपा, वासानं पळेल." मग पेंटरचा चेहरा बघून त्यानं कान पकडले, घरून गादी आणून दिली आणि रोज दोन वेळचा डबा आणायला लागला. पेंटर डाव्या कुशीवर पडून फळीवरचे डबे बघत राहायचा. फोडांपेक्षा आतली कळ वाईट होती. मधूनच कुणीतरी तापलेली तार ओढल्यासारखी पाठीतून छातीपर्यंत जायची. त्याला त्याच्या लहानपणच्या कांजिण्या आठवायच्या. शाळा चुकली म्हणून किती आनंद झाला होता. आईनं हातांना जुने मोजे बांधले होते, खाजवू नये म्हणून, आणि तो त्या मोज्यांच्या बाहुल्या करून भिंतीवर सावल्या पाडायचा. होतात आणि जातात, असं आईसुद्धा म्हणाली असेल. गेल्या नव्हत्या. तो पहिल्यांदा शिडीवर चढला तेव्हा त्या बरोबर होत्या, लग्नात बरोबर उभ्या होत्या, ठमीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाही आतून बघत होत्या. मुकाट्यानं. तो खचायची वाट बघत. आणि खचणं हे असं असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. तो तर आपला रोज कामाला जात होता, औषधं आणत होता, हसत होता. माणूस खचला हे त्याच्या स्वतःच्या आधी त्याच्या पाठीला कळावं, याचा त्याला राग यायचा आणि मग रागावायचाही कंटाळा यायचा.

संध्याकाळी मात्र तो घरासमोर जायचा. रस्त्यापलीकडं, दिव्याच्या खांबाशी. घर पहिल्या मजल्यावर. बायको ठमीला खिडकीत स्टुलावर बसवायची आणि ठमी काचेवर तोंडाची वाफ सोडून बोटानं अक्षर काढायची. त्याच्या बाजूनं ते उलटं दिसायचं. दुसऱ्या बापाची पंचाईत झाली असती. पण काचेवरच्या पाट्या आतल्या बाजूनं उलट्याच रंगवाव्या लागतात, त्यामुळं उलटं वाचणं त्याच्या हातचा मळ होता. तो हवेत बोट फिरवून उत्तर द्यायचा आणि ती टाळ्या वाजवायची, आवाज ऐकू यायचा नाही. एकदा तिनं ळ काढला, मग काच पुसली आणि खालच्या खांबाकडं बोट दाखवून आईला काहीतरी म्हणाली. बायकोनं फोनवर नंतर सांगितलं. "म्हणते, ळ बघ कसा एकटा उभाय." दोघंही फोनवर हसले. मग बायको म्हणाली, "माझं रक्त आलं. मला कांजिण्या झालेल्याच नाहीत. तुमच्यापासून मलाही होऊ शकतात म्हणे." "मग?" "मग काय. बघू. मला कुठं वेळ आहे आजारी पडायला."

खपल्या धरल्या, सुटल्या, पडल्या. डॉक्टरीणबाईंनी पाठ बघून सांगितलं, जा घरी. तो गेला नाही. आज एक पाटी संपवायचीय, उद्या सरळ्याला मदत करायचीय, अशी कारणं त्यानं फोनवर दिली, आणि नवल म्हणजे बायकोनंही ती मुकाट्यानं ऐकून घेतली. तिनं एकदाही या म्हटलं नाही. ती रागावली होती की तीही भ्यालेली होती, हे त्याला ओळखता आलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. त्याला स्वतःच्याच अंगाची भीती बसली होती. गाळ्यातल्या आरशात पाठ वळवून तो फिकट गुलाबी पट्टा बघायचा आणि त्याला वाटायचं, हे जे कोरडं दिसतंय ते कोरडं आहे कशावरून. या डोळ्यांनी सांगितलेलं काय काय खरं निघालंय आजवर. उरलेले दिवस जाऊ देत, मग जाऊ. एकदा तो औषधांच्या दुकानावरून गेला. पाटीवरच्या शेवटच्या अक्षराला सावली नव्हती. बाकीची सगळी अक्षरं भिंतीपासून सुटून पुढं आलेली आणि ते एक भिंतीत बसलेलं. दुकानदारानं आतून हाक मारली, "पेंटर, तेवढं करून टाका की!" पेंटर उद्या येतो म्हणाला.

आणि चौथा आठवडा लागायच्या आत, दुपारी, बायकोचा फोन आला. श्वास तेवढा ऐकू येत होता. "बोल ना," तो म्हणाला. "कानामागं एक ठिपका आलाय," ती म्हणाली. "लाल. मध्ये पाणी असल्यासारखं. सकाळी ती स्केचपेननं खेळत होती, म्हणून मी..." तिचा आवाज फाटला. "मी ओल्या फडक्यानं पुसून बघितला हो. पुष्कळ पुसला. जात नाही." पेंटर गाळ्यात उभा होता, समोर सरळ्या एका फळ्यावर रेघ ओढत होता. पेंटरनं फोन कानाला घट्ट धरला. तिला काही बोलावं, तुझी चूक नाही म्हणावं, असं त्याला वाटलं. आणि आपण किती दिवस हेच वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला टपून बसलो होतो तेही त्याला त्याच क्षणी कळलं. "आलो," तो म्हणाला. "घासू नकोस. आलोच मी."

तो पोचेपर्यंत ठिपके पोटावर आले होते, संध्याकाळपर्यंत पाठीवर. हॉस्पिटलात तिला मुलांच्या वॉर्डात ठेवणं शक्यच नव्हतं, कारण तिथं सगळीच तिच्यासारखी मुलं. मागच्या बाजूला एक एकटी खोली होती, दोन दारांची, मध्ये काच. डॉक्टरीणबाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "सलाईनमधून औषध सुरू करतोय. छातीचा फोटो आत्ता स्वच्छ आहे. पुढचे काही दिवस छातीचेच." बायकोनं ठमीची पिशवी उचलली आणि ती आत निघाली. बाईंनी तिला अडवलं. "तुम्ही नाही. तुम्हाला अजून झालेल्या नाहीत. तुम्ही आत-बाहेर करायला लागलात तर तुम्हीही पडाल, आणि वॉर्डातली बाकीची मुलं..." बायकोनं पिशवी घट्ट धरली. "मी आई आहे तिची," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतेय. आत कोणीतरी दिवसरात्र लागेल. ज्याला पुन्हा होणार नाही असं कोणीतरी." आणि मग दोघीही पेंटरकडं वळल्या.

इतके दिवस दाराबाहेर राहिलेल्या माणसाला दार उघडलं होतं ते याच्यासाठी. त्याला हसू आलं का रडू, ते सांगता येणार नाही. बायकोनं पिशवी त्याच्या हातात दिली. आत काय काय आहे ते ती भराभर सांगायला लागली, हिला पाणी कोमट लागतं, रडली तर आधी पाय चोळा, मग बोला, आणि सांगता सांगता मध्येच थांबून तिनं त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, जणू तो कुठं लग्नाला निघाला होता. "अजून दुखतं का हो?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "नाही," तो म्हणाला. खरं म्हणजे खपल्या गेल्या तरी कळ गेली नव्हती. बाईंनी सांगितलं होतं, नस दुखावलेली आहे, काही महिने राहील, काहींना त्याहून जास्त.

त्या खोलीत दिवसांना कडा नव्हत्या. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. ठमीच्या अंगावर रिकामी जागा शोधावी लागत होती. तोंडातही फोड आले, पाण्याचा घोट घेतानाही ती कळवळायची. पेंटर तिचे हात धरून बसायचा, खाजवू नये म्हणून, आणि हात सोडले की तिच्या श्वासावर कान लावून बसायचा. छातीत काही घरघरतंय का. कधी वाटायचं घरघरतंय, तो उठून नर्सला बोलवायचा, ती यंत्र लावून बघायची आणि म्हणायची, नाही, बाबा, तुमचाच श्वास ऐकू येतोय तुम्हाला. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा ती वैतागली नाही, खुर्ची ओढून दोन मिनिटं बसली. काचेपलीकडं बायको होती. ती तिथून हलत नव्हती. कधी ओंजळीत तोंड, कधी काचेला कपाळ लावून. घरी ती खिडकीच्या आत होती आणि हा बाहेर, आता हा आत. पेंटर तिला खुणेनं सांगायचा, पाणी प्यायली. ताप कमी. झोपली. तिला सगळं कळायचं. मला माफ कर, हे मात्र त्याला कुठल्याच खुणेत सांगता येत नव्हतं, आणि तिच्या बाजूनंही ओठ काहीतरी पुटपुटायचे जे त्याला वाचता यायचं नाही. उलटी अक्षरं वाचणारा माणूस, पण बायकोचे ओठ येईनात.

एका सकाळी डॉक्टरीणबाई मास्क, हातमोजे चढवून आत आल्या, तिला उलटीपालटी करून बघितलं, पुन्हा छातीवर यंत्र ठेवलं आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. "काल रात्रीपासून नवा फोड नाही," त्या म्हणाल्या. "छातीतही आवाज नाही. आज असंच राहिलं तर मी जरा बरी झोपेन." पुढची केमो लांबली आहे, त्याचं काय ते नंतर बघू, असंही म्हणाल्या. त्या गेल्या आणि पेंटरनं काचेकडं वळून दोन्ही हात वर केले. बायको खाली बसली, पलीकडं जमिनीवरच, आणि थोडा वेळ काचेत तिचं डोकंही दिसेना.

"बाबा," मागून आवाज आला. घसा बसलेला, खपल्या धरलेले ओठ. "पाठ दे."

पेंटर पलंगाच्या कडेला पाठमोरा बसला. शर्टाचं कापड लागलं तरी जिथं तार ओढली जायची, ती जागा तिच्या बोटासमोर होती. शर्ट ठेवावा का, त्यानं विचार केला, आणि मग काढून टाकला. कापडावरून तिला नीट काढता आलं नसतं. त्यानं पलंगाची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली. बोट टेकलं. हलकं, तापानं कोरडं, पिसाएवढंही वजन नसलेलं. पेंटरच्या डोळ्यांपुढं पांढरं झालं. पण तो हलला नाही. दात आवळून बसला. बोट वर गेलं, वळलं, खाली आलं.

"तू उडी मारली नाहीस," ठमी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला. "आता मजा येत नाही. तू मुद्दाम बसलास."

काचेपलीकडं बायको उठून उभी राहिली होती. तिला त्याचा चेहरा समोरून दिसत होता. इतके दिवस त्यानं तिच्यापासून लपवलेलं सगळं दुखणं तिला आता दिसत असणार. तिनं तोंडावर हात ठेवला. पेंटरनं तिच्याकडं बघितलं आणि पलंगाची दांडी सोडून दिली.

बोट पुन्हा टेकलं आणि तो उडाला. मनापासून ओरडला, लहानपणी ओरडला असेल तसा. मागं ठमी हसली. घसा फुटेल अशी नाही, कशीबशी, खोकत, पण हसली. बोट चालतच राहिलं, गाठ मारून, वळून, पहिल्या वळणालाच ओळखू येईल असं, दुसरं कुठलं असूच शकणार नाही असं अक्षर.

"ओळख," ती म्हणाली.

पेंटरनं डोळे पुसले.

"नाही कळलं," तो म्हणाला. "परत काढ."